गंगावेस ते रंकाळा : कोल्हापूरच्या पेठांतले खाणेपिणे

जुने कोल्हापूर पंचगंगेच्या घाटापासून अंबाबाईच्या देवळाभोवती आणि तिथून पूर्वेला बिंदू चौकापर्यंत पसरलेले आहे. तटबंदी कधीच गेली. गंगावेस, रंकाळावेस ही वेशींची नावे तेवढी उरली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात होती, पण ज्या पेठांत इथले खाणेपिणे घडले त्या अर्ध्या-पाऊण तासात पायी ओलांडता येतात. गाडीतून फिरणाऱ्याच्या हाती इथे फारसे लागत नाही. रस्ते अरुंद आहेत, दर शंभर पावलांवर एखादी तिकटी लागते, आणि इथले पदार्थ जागेला जितके बांधलेले तितकेच वेळेलाही. दूध पहाटे आणि संध्याकाळी, मिसळ सकाळी, मटणाचे ताट दुपारी किंवा रात्री, भेळ उन्हे कलल्यावर. चुकीच्या वेळी योग्य गल्लीत पोचलेल्या माणसाला बंद फळ्या दिसतात.

बाहेरच्यांच्या लेखी कोल्हापूर म्हणजे तिखट. मुंबईपासून दिल्लीपर्यंत हॉटेलांच्या कार्डावर असलेली ‘व्हेज कोल्हापुरी’ हा त्या समजुतीचा कळस. लाल रंग ओतलेली ती भाजी कोल्हापूरच्या घरांत शिजत नाही. पेठांतून चालत गेले की वेगळाच क्रम दिसतो. आधी पाणी, पाण्यावर ऊस, उसाच्या वाड्यावर म्हशी, म्हशींच्या दुधावर तालमी. मिरची या सगळ्यानंतर येते, आणि येते तीही कांदा, लसूण आणि खोबऱ्याच्या संगतीने.

फेरी गंगावेशीपासून सुरू करणे सोयीचे. इथे आणि मिरजकर तिकटीसारख्या ठिकाणी दूध कट्टे आहेत. गवळी आपल्या म्हशी घेऊन चौकात येतात, रस्त्याकडेला उभ्या करतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढतात. काहीजण घरून किटली किंवा चरवी आणतात, बाकीचे पेला तोंडाला लावून तिथेच संपवतात. दूध कोमट असते आणि वर बोटभर फेस. पाणी घातल्याचा संशय घ्यायला जागाच नाही, हा या धंद्याचा सगळ्यात मोठा आधार. धारोष्ण दुधाची ख्याती मोठी असली तरी न तापवलेल्या दुधातून क्षय किंवा ब्रुसेलोसिससारखे आजार होऊ शकतात, हे वैद्यकशास्त्राने कधीच सिद्ध केले आहे. कट्ट्यावरच्या जुन्या गिऱ्हाइकांना ते सांगून पाहावे. ऐकतीलच याची खात्री नाही.

भर रहदारीत म्हैस शांत उभी राहून पान्हा सोडते याला जातीचेही कारण आहे. या भागात पूर्वापार पाळली जाणारी पंढरपुरी म्हैस तलवारीसारख्या लांब, पाठीवर गेलेल्या शिंगांमुळे लांबूनच ओळखू येते. कोरड्या हवेत आणि साध्या चाऱ्यावर ती टिकते, आणि कुठेही धार देते. त्यामुळे दारोदार म्हैस नेऊन दूध घालण्याची पद्धत कोल्हापुरात रुजली. आता कट्ट्यावर मुऱ्हा आणि मेहसाणा जातीच्या म्हशीही दिसतात. 1963 मध्ये जिल्हा सहकारी दूध संघ स्थापन झाला. त्याचा ‘गोकुळ’ मुंबई-पुण्यापर्यंत गेला आणि खेड्यापाड्यांतले दूध संघाकडे वळले. तरी शहरातला कट्टा मोडला नाही. पिशवीचे दूध चहाला आणि कट्ट्यावरचे प्यायला, अशी वाटणी अनेक घरांनी करून टाकली आहे.

गवळ्यांचा खरा सण दिवाळीचा पाडवा. त्या दिवशी म्हशी धुऊन, भादरून, शिंगे रंगवून, गळ्यात घुंगरमाळा आणि कवड्यांच्या माळा घालून मिरवत आणल्या जातात. मोटरसायकलचा सायलेन्सर मोठ्याने वाजवत मालक पुढे सुटतो आणि त्याची म्हैस गर्दी चिरत त्याच्या मागे धावते. मालकाच्या हाकेला म्हैस किती ओळखते, याची ही जाहीर परीक्षा. पंचगंगा घाट, सागरमाळ, कसबा बावडा इथे ती पाहायला लोक लोटतात. फराळाची ताटे तोवर घरी झाकून ठेवलेली असतात.

दुधाला गिऱ्हाईक मिळाले ते तालमींमुळे. गंगावेस तालीम, मोतीबाग तालीम, शाहूपुरी तालीम ही नावे कुस्तीच्या जगात शहराच्या नावाइतकीच चालतात. राजर्षी शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला, देशभरातून मल्ल बोलावले आणि 1912 मध्ये खासबागचे मैदान उभे राहिले. मधला आखाडा खाली आणि प्रेक्षक चढत्या उतारावर, अशी त्याची रचना आहे. कुठेही बसले तरी कुस्ती दिसते. 1959 मध्ये पहिले हिंदकेसरी ठरलेले श्रीपती खंचनाळे याच शहराच्या लाल मातीत घडले. पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई आणि मटण. एका पैलवानाचा खुराक साध्या शेतकऱ्याच्या घराला न झेपणारा असे. त्यासाठी संस्थान, गाव किंवा पेठ पुढे येई. खाण्याकडे खर्च म्हणून न पाहता कमाई म्हणून पाहण्याची कोल्हापूरची वृत्ती इथून आली असावी. पेठेतल्या माणसाला आजही ‘किती खाल्लंस’ हे कौतुकानेच विचारले जाते.

गंगावेशीतून पापाची तिकटी आणि पुढे महाद्वार रोड, गुजरी. हा भाग सकाळी फुलांच्या, पेढ्यांच्या आणि दर्शनाला आलेल्यांच्या गर्दीचा. जवळच कपिलतीर्थ मंडईत आसपासच्या गावांतून भाजी उतरते. मिसळीची वेळही हीच. गुजरीतली चोरगे, उद्यमनगरातली फडतरे, कसबा बावड्यातली बावडा मिसळ ही नावे बाहेरगावच्या माणसांनाही पाठ झाली आहेत. त्यांच्यापुढच्या रांगा पाहून पेठेतला माणूस हसतो आणि आपल्या गल्लीतल्या गाड्याकडे वळतो. प्रत्येकाची मिसळ ठरलेली असते, आणि ती सोडून दुसरीची बाजू घेणे हा जवळजवळ पक्षबदल मानला जातो.

कोल्हापुरी मिसळीची ओळख कटावर ठरते. तळाशी मटकीची उसळ, तिच्यावर बहुधा बटाट्याची भाजी, मग फरसाण-शेव, कांदा, कोथिंबीर, आणि सगळ्यावर पातळ, लालभडक कट. लिंबाची फोड बाजूला. तोंडी लावायला लादीपाव मिळत नाही. जाड कापलेले ब्रेडचे स्लाइस मिळतात, कारण कट शोषून घेण्याचे काम त्यांना जास्त जमते. नाशिककडची मिसळ काळ्या मसाल्याकडे आणि पापडाकडे झुकते, पुण्याची पोह्यांना आणि थोड्या गोडव्याला जागा देते. कोल्हापूरला यातले काही चालत नाही. कट संपला की पुन्हा मागायचा, आणि तो वाढताना कपाळावर आठी आणणारा मालक या गावात टिकत नाही. कटात बुडवलेला बटाटेवडा म्हणजे कटवडा. मिसळीइतकी कीर्ती त्याला मिळाली नाही, पण सकाळच्या घाईत तोच अधिक खपतो.

फडतरे उद्यमनगरात असण्याला अर्थ आहे. शिवाजी उद्यमनगर म्हणजे फौंड्र्या, लेथ आणि सुट्या भागांच्या कारखान्यांची वसाहत. पहिल्या पाळीला निघालेल्या कामगाराला स्वस्त, गरम आणि दुपारपर्यंत पोट धरणारा नाश्ता हवा असतो. कडधान्य, बटाटा आणि पाव यांनी ते काम केले. पर्यटकांची गर्दी नंतर आली. मिसळीचे भांडे सकाळीच का रिकामे होते, याचे उत्तरही कारखान्याच्या भोंग्यात आहे.

कटाचा आणि रश्श्याचा रंग ज्यातून येतो ती कांदा-लसूण चटणी. कोल्हापुरात नुसते ‘चटणी’ म्हटले की हीच. मार्च ते मे या महिन्यांत पेठांतल्या डंकांपुढे बायकांच्या रांगा लागतात. मिरची आदल्या आठवड्यात उन्हात वाळवलेली आणि देठ काढलेली असते. रंगासाठी ब्याडगी, चवीसाठी आणि तिखटपणासाठी संकेश्वरी किंवा जवारी मिरची, आणि घराघराचे प्रमाण वेगळे. धणे, जिरे, तीळ, खसखस, सुके खोबरे आणि गरम मसाला तेलावर भाजून घेतात, कांदा उन्हात सुकवून तळतात, लसूण सोलून कच्चा ठेवतात. सगळे डंकात कांडले की तेलकट, ओलसर, गडद लाल चटणी तयार होते. ती वर्षभर बरणीत राहते. एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी : या चटणीत मिरचीच्या जोडीला कांदा, लसूण आणि खोबरे इतके असते की तिचा पहिला घास जिभेवर भडकत नाही, आधी गोडसर लागतो. निव्वळ मिरचीपूड टाकून लाल केलेल्या भाजीत हे कधीच साधत नाही. आता तयार चटणीच्या पिशव्या सगळीकडे मिळतात, तरी मुलगी पुण्याला किंवा अमेरिकेला राहायला गेली तर आईच्या डंकावरचा एक डबा सामानात जातोच.

महाद्वारातून भवानी मंडप, आणि तिथून भाऊसिंगजी रोड. या रस्त्यावर चहाच्या इतिहासातले एक मोठे प्रकरण घडले. संस्थानच्या पागेत नोकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांना वरच्या जातींसाठी राखलेल्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली होती. शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली आणि ‘सत्यसुधारक’ हे चहाचे हॉटेल सुरू झाले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोणी येईना. तेव्हा महाराज आपली गाडी हॉटेलापुढे थांबवून चहा मागवू लागले आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजू लागले. छत्रपतींनी घेतलेला कप नाकारण्याची कोणाची छाती नव्हती. महाराजांनी पन्हाळ्याच्या परिसरात चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोगही करून पाहिले. आज कोपऱ्याकोपऱ्यावर गुळाचा चहा विकणाऱ्या टपऱ्या उभ्या आहेत. त्या कोल्हापूरच्या गुळाचे नाव घेतात, या हॉटेलाचे सहसा कोणी घेत नाही. शहराच्या खाद्ययात्रेच्या नकाशांत देवळामागची मिसळ असते आणि हे स्थळ नसते, ही मोठीच उणीव म्हटली पाहिजे.

बिंदू चौक ओलांडून लक्ष्मीपुरीत आले की दुपार झालेली असते, आणि दुपार म्हणजे मटणाचे ताट. लक्ष्मीपुरी, शाहूपुरी आणि स्टेशनकडच्या भागात घरगुती खानावळींपासून मोठ्या हॉटेलांपर्यंत सगळ्या प्रकारच्या जागा आहेत. ताटात सुके मटण, भाकरी किंवा चपाती, भात, कांदा-लिंबू, आणि दोन वाट्या : एक तांबडी, एक पांढरी. नवखा माणूस सुक्या मटणावर लक्ष ठेवतो. जाणकार आधी वाट्यांकडे पाहतो.

दोन्ही रस्से एकाच भांड्यातून जन्मतात. मटण आणि हाडे आले-लसूण, हळद आणि मीठ लावून भरपूर पाण्यात शिजवतात. निघालेला रस म्हणजे अळणी. घरात लहान मुलांना, बाळंतिणीला आणि आजारातून उठलेल्याला तो तसाच देतात. उरलेल्या अळणीचे दोन भाग होतात. एकात तेलावर परतलेले कांदा-खोबऱ्याचे वाटण आणि कांदा-लसूण चटणी पडते. तेल वर तरंगेपर्यंत उकळले की तांबडा तयार. दुसऱ्या भागात लाल मिरचीला प्रवेश नाही. खसखस, तीळ, काजू यांचे बारीक वाटण, दालचिनी, लवंग, वेलदोडा, मिरी आणि शेवटी नारळाचे दूध. इथे हात चुकला तर सगळे गेले. नारळाचे दूध पडल्यावर मोठ्या आचेवर उकळी आली की पांढरा फुटतो, म्हणून आच मंद ठेवून तो सारखा ढवळावा लागतो. तांबडा कोणीही कामचलाऊ करू शकतो. खानावळीची पारख पांढऱ्यावर करावी. वाटीतला पांढरा पिठूळ लागला किंवा त्यात नुसतेच खोबरे जाणवले, तर आत हाडे पुरेशी शिजलेली नाहीत असे खुशाल समजावे. पांढरा तांबड्याची धार उतरवण्यासाठी असतो, आणि ताटावर बसलेला माणूस दोन्हींचे घोट आलटून पालटून घेत असतो. भुरका मोठ्याने मारला तरी कोणी वळून पाहत नाही. पांढऱ्याचा उगम राजवाड्याच्या मुदपाकखान्यात सांगितला जातो. शिकारीचा षोक, पदरी बाळगलेले आचारी आणि घाटाखालून येणारा नारळ हे तिन्ही जुळत असल्याने ते पटण्यासारखे आहे.

मटण हा इथे सार्वजनिक प्रश्न आहे. 2019 च्या अखेरीस दर वाढले तेव्हा कसबा बावड्यापासून सुरुवात होऊन शहरभर आंदोलन झाले. कृती समिती, बैठका, विक्रेत्यांशी वाटाघाटी, सगळे रीतसर पार पडले. कांद्याच्या दरावर सरकारे पडल्याचे ऐकिवात असते. मटणाच्या दरावर एखादे शहर उभे राहिल्याचे उदाहरण हेच. मित्रांनी वर्गणी काढून शेतावर चूल मांडायची, स्वतः मटण शिजवायचे आणि पत्रावळीवर जेवायचे, अशी ‘रस्सा मंडळे’ गल्लोगल्ली आहेत. आषाढात त्र्यंबोलीची म्हणजे टेंबलाईची यात्रा येते. नदीला आलेले नवे पाणी घागरींतून वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर नेतात, पी-ढबाक वाद्यांचा ताल पेठापेठांतून घुमतो आणि घरोघर मटण शिजते. श्रावण लागण्याआधीची ही शेवटची मोठी जेवणे.

लक्ष्मीपुरीला लागून शाहूपुरी. 1895 मध्ये शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी ही पेठ वसवली. बाजार पुढे शाहू मार्केट यार्डात गेला, पण पेठेची आखणी आणि जुनी गोदामे त्या काळाची साक्ष देतात. राधानगरीचे धरण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महाराजांनीच हाती घेतले. ते पुरे व्हायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. त्या पाण्याने भोगावती-पंचगंगेच्या खोऱ्यातला ऊस वाढवला. दसरा-दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळे पेटतात. मोठ्या काहिलीत रस उकळतो, भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून वर आलेली मळी काढतात, आणि पाक नेमका कधी उतरवायचा हे गुळवा ठरवतो. एक-दोन मिनिटांचा फरक पडला तर गूळ चिकट तरी होतो, नाहीतर काळपट. मार्केट यार्डात नव्या हंगामाचे सौदे पाडव्याच्या मुहूर्तावर निघतात. मोठा खरेदीदार गुजरात. 2014 मध्ये कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकनाने गुऱ्हाळे वाढली नाहीत. साखर कारखान्याला ऊस घालून बिलाची वाट पाहणे शेतकऱ्याला मजूर शोधण्यापेक्षा सोपे वाटते, आणि गुळव्यांची पुढची पिढी काहिलीपाशी उभी राहायला तयार नाही. मानांकनाचा शिक्का आणि साखर मिसळलेला स्वस्त गूळ शेजारी शेजारी विकला जातो. फार पिवळाधमक गूळ दिसला तर तो घेऊ नये, हे जुन्या गिऱ्हाइकाला सांगावे लागत नाही.

संध्याकाळी पावले पुन्हा खासबागेकडे वळतात. मैदानाला लागून केशवराव भोसले नाट्यगृह. 1915 मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिलेले हे नाट्यगृह ऑगस्ट 2024 मध्ये आगीत जळाले. कुस्ती आणि नाटक, दोन्हीकडची गर्दी एकाच वेळी रस्त्यावर येत असे, आणि तिला पोसायला खाऊगल्ली जमली. राजाभाऊंची भेळ इथलीच. कोल्हापुरी भेळेत चुरमुऱ्यांना मान मोठा. चिंच-गुळाची चटणी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा यांचे प्रमाण विक्रेता गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून ठरवतो, आणि हंगामात वर कैरीची फोड पडते. भेळ कालवल्यावर लगेच खाल्ली पाहिजे. गप्पा मारत उभ्या राहिलेल्याच्या हाती लगदा उरतो. तेच चुरमुरे लसूण, शेंगदाणे आणि चटणीवर परतले की भडंग होते. ती मात्र सांगली-जयसिंगपूरशी वाटून घेतलेली मिरास आहे, आणि तीत आपणच पहिले असे तिन्ही गावे म्हणतात.

सीमा जवळ असल्याची खूण गाड्यांवर दिसते. दावणगिरी पद्धतीचा लोणी डोसा, जाड, जाळीदार आणि वर लोण्याचा गोळा घेऊन आलेला, कोल्हापूरने इतका आपलासा केला आहे की तो बाहेरचा वाटतच नाही. बेळगावचा कुंदा आणि गोकाकचा करदंट मिठाईच्या दुकानांत मिळतात. राजारामपुरीच्या गल्ल्यांत पिझ्झा, मोमो आणि शोरमाही पोचले आहेत. तो सगळ्याच शहरांचा भाग झाला. त्यासाठी कोल्हापूरला यायची गरज नाही.

दिवसाचा शेवट रंकाळ्यावर होतो. तळ्याच्या काठी भाजलेली कणसे, भेळ, बर्फाचे गोळे आणि आइस्क्रीम. गावात ‘कॉकटेल’ मागितले तर दारू येत नाही. फळांच्या फोडी, जेली आणि सुका मेवा घातलेले आइस्क्रीम येते, आणि ते संपवायला भूक लागते. तेही दुधाचेच. रंकाळ्याने मधल्या वर्षांत जलपर्णी आणि सांडपाणी भोगले. काठ आता बराच सुधारला आहे, तरी गाड्यांवरचा कचरा पाण्याकडे सरकतो तो सरकतोच.

ही फेरी करणाऱ्याने वार पाहून यावे. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे मटणाचे दिवस. सोमवार, गुरुवार आणि शनिवार अनेक घरांत पाळले जातात. श्रावणात आणि नवरात्रात ताटाची आशा धरू नये, तेव्हा मिसळ आणि दूध यांवर भागवावे. जुलै-ऑगस्टमध्ये निघण्यापूर्वी राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी विचारावी. तिथे 39 फुटांवर इशारा आणि 43 फुटांवर धोका मानला जातो, आणि 2019 आणि 2021 सारखा पूर आला की शाहूपुरी-लक्ष्मीपुरीच्या काही भागांत पाणी शिरते आणि पेठांचा बाजार बंद राहतो. दिवाळीचा पाडवा साधला तर म्हशी, गुळाचे सौदे आणि नव्या हंगामाचा ऊस हे सगळे एकाच दिवशी पाहायला मिळते.